कचऱ्याच्या वायूचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

जुलै २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेनं कार्बनवरची आकारणी रद्द केली आणि तिथल्या डंपिंग ग्राउंड चालवणाऱ्यांपुढे एक विचित्र प्रश्न उभा राहिला. गोळा करून ठेवलेल्या पैशांचं आता करायचं काय? दोन वर्षं ते दारात येणाऱ्या प्रत्येक टन कचऱ्यामागे कार्बनचा आकार घेत होते. तो भरत होत्या मुख्यतः नगरपालिका आणि व्यापारी, म्हणजे शेवटी घरपट्टी भरणारा माणूस. यात लबाडी नव्हती. ओला कचरा आज पुरला तरी त्यातून मिथेन लगेच सुटत नाही. भाजीपाल्याची सालं काही वर्षांत कुजतात, कागद आणि लाकूड कित्येक दशकं घेतात. कायदा मात्र म्हणत होता, ज्या वर्षी जेवढा वायू हवेत जाईल तेवढ्याचे पैसे त्या वर्षी भरा. २०१२ साली कचरा टाकून गेलेल्या गिऱ्हाइकाला २०३५ मध्ये कोण शोधत बसणार? म्हणून चालकांनी पुढच्या सगळ्या वर्षांची रक्कम आजच वसूल करून ठेवली.

मग कायदाच गेला. वायू सुटायचा तो सुटतोच आहे, त्याचं बिल मात्र कधीच येणार नाही, आणि त्या बिलापोटी घेतलेले पैसे चालकांच्या खात्यात. अखेर सरकार आणि उद्योग यांच्यात एक मसुदा ठरला: पैसे ग्राहकांना परत करा, नाहीतर उत्सर्जन कमी करणाऱ्या प्रकल्पांवर खर्च करा. तोही ऐच्छिक.

हा किस्सा परदेशातली गंमत म्हणून सांगत नाही. भारतात आता कार्बन बाजार, म्हणजे उत्सर्जनाच्या हक्कांची खरेदी-विक्री, उभा राहतो आहे, आणि कचऱ्याला त्यात कुठे बसवायचं हे आपण जवळजवळ न बोलता ठरवून टाकलं आहे. आपण त्याला बक्षिसाच्या रांगेत बसवलं आहे, देणेकऱ्यांच्या नाही. माझ्या मते हे चुकतं आहे. का, ते समजायला न्यूझीलंडचं उदाहरण सगळ्यांत उपयोगी आहे. त्यांनी सगळं बरोबर केलं म्हणून नाही, तर त्यांच्या चुका आकड्यांत दिसतात म्हणून.

न्यूझीलंडची उत्सर्जन व्यापार योजना २००८ पासूनची. कचरा तीत आला २०१३ मध्ये. १ जानेवारी २०१३ पासून, घरगुती कचरा घेणारी क्षेपणभूमी जो चालवतो त्याच्यावर थेट कायदेशीर देणं बसलं. खासगी कंपनी असो वा नगरपालिका, नियम एकच. वर्षभरात किती टन कचरा घेतला याचा हिशेब पुढच्या ३१ मार्चपर्यंत द्यायचा, आणि त्यातून निघणाऱ्या उत्सर्जनाइतकी युनिटं ३१ मेपर्यंत सरकारजमा करायची. एक युनिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड, किंवा तेवढीच उष्णता धरून ठेवणारा दुसरा वायू. मिथेनचा एक टन शंभर वर्षांच्या हिशेबानं कार्बन डायऑक्साइडच्या २८ टनांबरोबर धरतात. वीस वर्षांचाच हिशेब केला तर ८० च्या पुढे जातो. युनिटं भरली नाहीत तर आता बाजारभावाच्या तिप्पट दंड आहे.

ऑस्ट्रेलियाशी ताडून पाहिलं तर न्यूझीलंडचा मुख्य निर्णय शहाणपणाचा होता. त्यांनी वायू सुटायची वाट पाहिली नाही. कचऱ्याची गाडी वजनकाट्यावर चढली त्याच क्षणी, त्या टनातून पुढच्या अनेक दशकांत जेवढा वायू निघेल तेवढा सगळा निघाला असं धरायचं आणि त्याच वर्षी हिशेब चुकता करायचा. ज्यानं कचरा आणला त्याच्याकडूनच पैसे निघतात, उद्याच्या पिढीच्या नावावर उधारी राहत नाही, आणि सरकार बदलून कायदा गेला तरी मागे कुणाच्या खात्यात बेवारस पैसा उरत नाही. कचऱ्यासारख्या सावकाश कुजणाऱ्या गोष्टीला हेच गणित लागू पडतं.

पण एक टन कचऱ्यातून नेमका किती वायू निघेल हे कोण सांगणार? इथून भानगड सुरू होते.

कायद्यानं एक ठोक आकडा दिला. टनामागे अमुक इतकं उत्सर्जन धरा, गुणाकार करा, युनिटं भरा. हा आकडा बदलत आला आहे. एके काळी १.१९ होता, पुढे ०.९१ झाला. गणित सोपं जावं म्हणून आपण एक टनामागे एक धरू. युनिटचा भाव ५० (न्यूझीलंडचे) डॉलर असेल तर टनामागे ५० डॉलर. ज्या चालकाला हे जास्त वाटतं त्यानं स्वतःचा वेगळा आकडा सिद्ध करावा. आमच्याकडे कुजणारा कचरा कमी येतो हे नमुने काढून दाखवावं, किंवा आम्ही नळ्या घालून वायू ओढतो आणि जाळतो हे मीटरवर दाखवावं. तपासनिसाकडून ते प्रमाणित झालं की त्याचं देणं कमी होतं. वायू पकडल्याबद्दल जास्तीत जास्त ९० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. म्हणजे नीट काम करणाऱ्याला टनामागे ५ डॉलर आणि काहीच न करणाऱ्याला ५०. प्रोत्साहन म्हणून याहून साफ काही असू शकत नाही.

आता दुसरी बाजू पाहा. वेगळा आकडा कोण मागणार? ज्याची स्थिती सरासरीहून बरी आहे तो. ज्याच्याकडे ओला कचरा सरासरीहून जास्त येतो, तो कशाला नमुने काढत बसेल? तो गुपचूप ठोक आकड्याच्या छत्रीखाली उभा राहतो. चांगले आपला फायदा घेऊन बाहेर पडतात, वाईट सरासरीत लपतात, आणि देशाच्या एकूण बिलात तूट राहते. ठोक आकडा मुद्दाम चढा ठेवला असता तर हे टळलं असतं; मग सिद्ध करण्याची गरज सगळ्यांनाच वाटली असती. त्यांनी सरासरी घेतली. सरासरी न्याय्य वाटते, पण ज्याला नको त्याला मोजमापातून सुटका देते.

भावाचं प्रकरण तर याहून वाईट. २०१३ मध्ये जेव्हा हे देणं बसलं तेव्हा न्यूझीलंडच्या युनिटचा भाव २ डॉलरच्या आसपास घसरलेला होता. शिवाय युनिटांऐवजी क्योटो या हवामान कराराखालची आंतरराष्ट्रीय क्रेडिटं, म्हणजे दुसऱ्या देशांतल्या कपातीचे दाखले, चालत होती, आणि युक्रेन-रशियाकडची क्रेडिटं काही सेंटांना मिळत होती. त्यांतल्या पुष्कळांमागे खरी कपात नव्हतीच, हे नंतरच्या अभ्यासांत उघड झालं. त्यावर आणखी सवलत: दोन टन उत्सर्जनामागे एकच युनिट भरा. ही सवलत २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं काढत २०१९ मध्ये संपवली. सुरुवातीच्या वर्षांत म्हणजे टनामागे काही सेंट. एवढ्या पैशांत कुणी एक नळीसुद्धा घालणार नाही. परदेशी क्रेडिटं २०१५ च्या मध्यात बंद झाली, भाव चढत गेला, आणि २०२२ च्या अखेरीस ८८ डॉलरच्या आसपास पोचला. मग पुन्हा घसरला. वीस-तीस वर्षं चालवायच्या जागेचं नियोजन करणाऱ्यानं कुठला भाव धरायचा? आणि चालकानं स्वस्तातली क्रेडिटं भरून ग्राहकाला कोणता दर लावला, हा प्रश्न योजना विचारतच नाही.

मग या सगळ्याचा उपयोग झाला का? इथे प्रामाणिक उत्तर थोडं अडचणीचं आहे. मोठ्या क्षेपणभूमींमध्ये वायू पकडण्याची सक्ती न्यूझीलंडनं कार्बन बाजाराच्या आधीच, २००४ च्या हवेच्या राष्ट्रीय मानकांत केली होती. दहा लाख टनांहून मोठी जागा असेल तर वायू गोळा करायचाच. ऑकलंडजवळची रेडव्हेल, वायकाटोतली हॅम्पटन डाउन्स, कॅन्टरबरीतली केट व्हॅली या बड्या जागांमधल्या नळ्यांचं सगळं श्रेय बाजाराला देता येणार नाही. बाजाराचे समर्थक हे सांगायचं टाळतात. विरोधक तेवढंच सांगून थांबतात.

मला वाटतं दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटते, आणि ती कळण्यासाठी वायूची विहीर जरा जवळून पाहावी लागते. कचऱ्याच्या ढिगात खोल भोक पाडतात, त्यात छिद्रं असलेला प्लास्टिकचा पाइप उभा करतात, भोवती खडी भरतात, आणि वर मातीनं घट्ट बंद करतात. अशा कित्येक विहिरी एका मोठ्या पाइपला जोडतात, टोकाला ब्लोअर बसवून वायू ओढतात, आणि तो इंजिनात किंवा फ्लेअरमध्ये, म्हणजे ज्योतीच्या चिमणीत, जाळतात. प्रत्येक विहिरीच्या तोंडावर एक व्हॉल्व असतो. खरी मेख त्या व्हॉल्वमध्ये आहे. तो कमी उघडला तर वायू ढिगाच्या पोटातून वाट काढून बाहेर निसटतो. जास्त उघडला तर ओढ वाढते, भेगांतून हवा आत येते, मिथेन तयार करणारे जीवाणू मरतात आणि ढिगाच्या आत आग धुमसू लागण्याचा धोका निर्माण होतो. ढीग दररोज खचत असतो, त्यामुळे पाइप वाकतात, त्यांच्या खोलगट भागात पाणी साचतं. पावसाळ्यात लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी, चढून अर्ध्या विहिरी बुडतात. आधी पाणी उपसल्याशिवाय त्यांतून काही येत नाही. म्हणून कुणीतरी मीटर घेऊन विहिरीगणिक फिरावं लागतं, मिथेन किती, ऑक्सिजन किती, दाब किती हे पाहून व्हॉल्व जरासा फिरवावा लागतो, आणि हे आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षं करावं लागतं.

नियम काय करू शकतो? पहिल्या दिवशी नळ्या आहेत की नाहीत हे पाहू शकतो. फोटो काढता येतो, फीत कापता येते, पूर्णत्वाचा दाखला देता येतो. त्यानंतर दर आठवड्याला व्हॉल्व फिरवायला माणूस जातो की नाही, हे नियमाला दिसत नाही. भाव ते दाखवतो. पकडण्याचं प्रमाण ८० वरून ७० टक्क्यांवर आलं की देणं दीडपट होतं, आणि ही रक्कम हिशेबनीसाच्या टेबलावर लाल शाईत उमटते. मग तो स्वतःच विचारतो, या महिन्यात विहिरी कुणी पाहिल्या? न्यूझीलंडच्या योजनेची खरी कमाई मला इथे दिसते. नळ्या नियमानं घातल्या असतील. त्यांची निगा राखायचं कारण देण्यानं पुरवलं.

आता गोराईकडे येऊ. मुंबईच्या पश्चिम उपनगरांचा कचरा १९७२ पासून गोराईच्या खाडीकाठी पडत होता; सुमारे २३ लाख टनांचा ढीग झाला होता. न्यायालयाच्या रेट्यानंतर २००७ ते २००९ या काळात महापालिकेनं तो शास्त्रीय पद्धतीनं बंद केला, वर अस्तर घातलं, हिरवळ केली, वायूच्या विहिरी घातल्या, फ्लेअर बसवला. क्योटो करारातल्या स्वच्छ विकास यंत्रणेखाली (विकसनशील देशांतल्या कपातीला क्रेडिटं देणारी व्यवस्था) त्याची नोंदणी झाली आणि आशियाई विकास बँकेच्या कार्बन निधीनं भावी क्रेडिटांपोटी आगाऊ पैसे दिले. देशातल्या महापालिकांमध्ये असं पहिल्यांदाच घडत होतं, आणि काम चांगलंच झालं होतं. तिथे राहणाऱ्यांना जो फरक पडला तो खोटा नाही.

पण रचना कशी होती ते पाहा. वायू पकडला तर बक्षीस. नाही पकडला तर बक्षीस नाही, बाकी काही नाही. स्वच्छ विकास यंत्रणेच्या काळात जगभरच्या कितीतरी क्षेपणभूमींत प्रत्यक्ष वायू कागदावरच्या अंदाजापेक्षा बराच कमी निघाला, कारण अंदाज आशावादी होते आणि विहिरींकडे लक्ष कमी. शिवाय २००८ मध्ये वीस युरोच्या आसपास असलेला क्रेडिटचा भाव २०१२ च्या अखेरीस एका युरोच्याही खाली गेला. ज्या दिवशी भाव पडला त्या दिवशी जगातल्या अशा सगळ्या जागांवर व्हॉल्व फिरवणाऱ्या माणसाचा पगार निरर्थक झाला. बक्षिसावर चाललेली निगा बक्षिसाबरोबर जाते. देण्यावर चाललेली निगा भाव पडल्यावर सैल होते हे न्यूझीलंडच्या २०१३ नं दाखवलंच, पण तिथे देणं कायद्याच्या पुस्तकात राहिलं, म्हणून भाव सुधारल्यावर ते पुन्हा जागं झालं. आपल्याकडे जागं व्हायला काही शिल्लकच नव्हतं.

भारताची कार्बन क्रेडिट व्यापार योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली. तिच्या सक्तीच्या बाजूला सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, पोलाद, कागद, कापड, खत, तेलशुद्धीकरण असे उद्योग आहेत. त्यांना लक्ष्य आहे आणि ते चुकलं तर क्रेडिटं विकत घ्यावी लागतील. कचरा आहे ऐच्छिक ऑफसेटच्या बाजूला. क्षेपणभूमीतला वायू पकडा, क्रेडिटं मिळवा, सिमेंटवाल्यांना विका. म्हणजे पुन्हा गोराईचाच साचा, आणि यावेळी आणखी एक पेच. घनकचरा नियमांनुसार क्षेपणभूमीत जायचा तो फक्त न कुजणारा, पुनर्वापर न होणारा, निष्क्रिय कचरा. कुजणाऱ्या कचऱ्याचं खत किंवा बायोगॅस व्हायला हवा. हा नियम पाळला तर क्षेपणभूमीत मिथेन जवळजवळ तयारच होणार नाही. मग पकडायला मिथेन कुठून येतो? नियम मोडून टाकलेल्या ओल्या कचऱ्यातून. नियम मोडायचा, त्यातून वायू निघू द्यायचा, त्यातला थोडा पकडायचा आणि त्याबद्दल क्रेडिट घ्यायचं. ते क्रेडिट घेऊन एखादी सिमेंट कंपनी आपलं धुरांडं चालू ठेवणार. चोराला चोरलेल्या मालातला काही भाग परत केल्याबद्दल इनाम देण्यासारखं हे आहे.

किती वायूबद्दल आपण बोलतो आहोत? २०२२ मध्ये उपग्रहांच्या साहाय्यानं केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ब्वेनोस आयरीस, दिल्ली, लाहोर आणि मुंबई ही शहरं होती. मुंबईतल्या क्षेपणभूमीतून तासाला सुमारे १० टन मिथेन निघत असल्याचं त्यात दिसलं, आणि या शहरांचं एकूण उत्सर्जन नेहमीच्या अंदाजांपेक्षा १.४ ते २.६ पट निघालं. उपग्रह काही विशिष्ट दिवशीच पाहतो, म्हणून हा आकडा वर्षभराला जसाच्या तसा लावणं धाडसाचं आहे. तरी अंदाजापुरता लावून पाहू. तासाला १० टन म्हणजे वर्षाला ८७,६०० टन मिथेन, म्हणजेच साधारण साडेचोवीस लाख टन कार्बन डायऑक्साइडइतकं. समजा टनाला अवघे ५०० रुपये लावले, तरी वर्षाला १२० कोटींच्या पुढचं देणं. एका जागेचं. ही रक्कम अंदाजपत्रकात दिसली तर ओला कचरा वेगळा करण्याचा कार्यक्रम दर पाच वर्षांनी नव्या नावानं सुरू करून सोडून देणं महाग पडेल.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: आपल्याकडे क्षेपणभूमी महापालिकेची, महापालिकेवर देणं बसवायचं म्हणजे सरकारनं सरकारकडून पैसे घेणं, एका खिशातून काढून दुसऱ्यात. न्यूझीलंडमध्येही अनेक जागा नगरपालिकांच्याच आहेत. दक्षिण कोरियाचा कार्बन बाजार २०१५ मध्ये सुरू झाला तेव्हापासून त्यात कचरा क्षेत्र आहे आणि स्थानिक स्वराज्य संस्था स्वतः देणेकरी आहेत. सोलचा कचरा घेणाऱ्या इंचनजवळच्या सुदोकवॉन क्षेपणभूमीत वायूवर ५० मेगावॉटचं वीजकेंद्र चालत आलं आहे. खिसा सरकारचाच असला तरी पैसे कुठल्या खात्याच्या खिशातून जातात याला महत्त्व असतं. आज घनकचरा खात्याला ओल्या कचऱ्याचा एक टन जास्त पुरल्याबद्दल काहीही सोसावं लागत नाही. उलट ठेकेदाराला टनावर पैसे मिळतात, म्हणजे जितका जास्त आणि जितका ओला, तितकं त्याचं बिल मोठं. पावसाळ्यात तर पाण्याचंही वजन भरतं. देणं महापालिकेच्या नावावर ठेवलं तर हा करार असाच सही करायला कुणी धजावणार नाही. ठेकेदाराकडून वसूल करायचं की नाही हे त्यांनी करारात पाहावं. कायद्यापुढे नाव एकच असावं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. दर वाढला की कचरा दुसरीकडे जातो. न्यूझीलंडमध्ये कार्बनचं देणं फक्त घरगुती कचरा घेणाऱ्या क्षेपणभूमींवर आहे. बांधकामाचा राडारोडा घेणाऱ्या जागा, शेतावरचे खड्डे त्यातून बाहेर. महाग दारातून स्वस्त दाराकडे जाणं माणसाचा स्वभाव आहे. युरोपात उलट्या दिशेनं हाच पेच आहे: युरोपीय संघाच्या बाजारात क्षेपणभूमी नाहीत, पण कचरा जाळणाऱ्या भट्ट्या आणायच्या का यावर विचार चालू आहे, आणि भीती अशी की भट्टी महागली की कचरा पुन्हा जमिनीत जाईल. आपल्याकडे तिसरं दार फार मोठं आहे: नाला, रिकामा प्लॉट, आणि आगपेटी. पण आपलं देणं दारावर गाडी घेऊन आलेल्या माणसाकडून घ्यायचं नसून शहराकडून घ्यायचं आहे, त्यामुळे घरच्या माणसाला कचरा नाल्यात टाकण्याचं नवं कारण मिळत नाही. ठेकेदाराला मिळू शकतं. तेवढ्यापुरतं वजन आणि गाड्यांच्या फेऱ्यांचं लेखापरीक्षण काटेकोर लागेल, आणि ते आज होत नाही हे मान्यच करावं लागेल.

लहान शहरांना एकदम हे ओझं नको, हेही खरं. ऑस्ट्रेलियात वर्षाला २५,००० टनांपेक्षा कमी उत्सर्जन असलेल्या जागांना माफी होती, न्यूझीलंडनं दूरवरच्या छोट्या जागा वगळल्या. आपण दहा लाखांवरच्या शहरांपासून सुरुवात करावी. पहिली काही वर्षं अर्धं देणंही चालेल, फक्त सवलत संपण्याची तारीख कायद्यातच लिहिलेली हवी. भावाला खालून आधार हवा. आणि ठोक आकडा चढा हवा, सरासरी नको. ज्याला कमी भरायचं आहे त्यानं मोजून दाखवावं. आपल्या कचऱ्यात माती, राडारोडा आणि पाणी इतकं मिसळलेलं असतं की परदेशी सूत्रं इथे तशीच लावली तर उत्तर दोन्हीकडे चुकेल.

पैसे कुठे जातात हा प्रश्नही राहतोच. न्यूझीलंडनं युनिटांच्या लिलावाचे पैसे हवामानासाठीच्या वेगळ्या निधीत टाकायचं ठरवलं होतं. सरकार बदललं आणि २०२४ मध्ये तो निधी गुंडाळला गेला. आपल्याकडे उपकर कुठे मुरतात हे सांगायला नको. माझ्या मते महापालिकेकडून घेतलेला पैसा त्याच शहरात ओला कचरा उगमाशी वेगळा करण्याच्या कामाला, आणि ते काम आजही हातानं करणाऱ्या कचरावेचकांच्या मजुरीला, परत जावा. प्रत्येक टन ओला कचरा ढिगापासून दूर ठेवणारी माणसं तीच आहेत, आणि आजवरच्या कुठल्याही कार्बन हिशेबात त्यांचं नाव नाही.

एक अन्याय न्यूझीलंडवाल्यांनी मिटवलेला नाही, तो आपणही मिटवू शकणार नाही. तिथल्या एकूण उत्सर्जनाचा जवळपास निम्मा भाग शेती आणि गुराढोरांचा. गाईच्या पोटातल्या मिथेनला आजही किंमत नाही, केळ्याच्या सालीतल्या मिथेनला आहे. वायू तोच, फरक एवढाच की शेतकऱ्यांची मतं एकगठ्ठा आहेत आणि क्षेपणभूमी चालवणाऱ्यांची नाहीत. कचरा हा तिथल्या उत्सर्जनाचा जेमतेम ४ टक्के भाग. आपल्याकडे कुणी हा मुद्दा काढून टाळाटाळ केली तर त्याला उत्तर एकच: शेतीचा प्रश्न सुटेपर्यंत शहरांनी थांबायचं ठरवलं, तर शहरं आनंदानं थांबतील.

राहिला तो सगळ्यांत अवघड भाग. न्यूझीलंडची योजना २०१३ नंतर आलेल्या कचऱ्याचाच हिशेब करते, ऑस्ट्रेलियातही जुन्या कचऱ्याला माफी होती. बंद पडलेल्या ढिगांना मालक नाही. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर जोराचा पाऊस झाला, फॉक्स नदीला पूर आला आणि काठावरची एक जुनी, बंद क्षेपणभूमी फुटली. जुन्या पिशव्या, बाटल्या, डबे नदीतून समुद्रात आणि तिथून मैलोन्‌मैल किनाऱ्यावर पसरले. स्वयंसेवक आणि लष्करानं ते हातानं वेचले. योजनेच्या लेखी त्या जागेचं अस्तित्वच नव्हतं.

आपल्याकडे हाच भाग मोठा आहे. मुंबईतल्या देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. महापालिकेच्याच आकड्यांनुसार तिथे सुमारे १८५ लाख टन जुना कचरा आहे, आणि तो उपसून जमीन मोकळी करण्याचा घाट घातला गेला आहे. जानेवारी २०१६ मध्ये तो ढीग पेटला तेव्हा धूर अवकाशातून दिसला होता. देणं फक्त उद्या येणाऱ्या कचऱ्यावर बसवलं तर देवनार सुटेल, आणि शेजारच्या गोवंडी-शिवाजीनगरच्या माणसाला त्यातून काहीही मिळणार नाही. सगळ्या जुन्या कचऱ्यावर बसवलं तर कुठलीही महापालिका ते पेलणार नाही. मधला मार्ग मला एकच दिसतो: जुन्या ढिगाची जमीन मोकळी करून ज्या दिवशी ती विकली, भाड्यानं दिली किंवा पुनर्विकासाला दिली जाईल, त्या दिवशी ढिगातल्या उरलेल्या वायूचं देणं जमिनीच्या किमतीतून वळतं करून घ्यावं. मुंबईत अशा जमिनीला जो भाव येतो तो पाहता, ते परवडत नाही असं म्हणायला कुणाला तोंड राहणार नाही.